मराठीपण शब्दांच्या जोडीत

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या भवितव्याची चर्चा पुन्हा रंगली. ही चर्चा सुरू कुठूनही होवो, बहुतेक वेळा ती एकाच मुक्कामाला पोहोचते: मराठीत परके शब्द फार शिरले, ते हुडकून बाहेर काढावेत, त्यांच्या जागी आपले शब्द बसवावेत, म्हणजे भाषा तगेल. हे मत आज इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी आधार मागत नाही. मला ते तपासून पाहायचे आहे. भाषेचे भाषापण नामांच्या यादीत शोधणे हीच मुळात चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. कोणत्या नामाला कोणते क्रियापद लागते आणि कोणते विशेषण शोभते, या जोड्यांत ते सापडते. नाम परके असूनही वाक्य अस्सल मराठी असू शकते, आणि एकूण एक शब्द मराठी असूनही वाक्य परके असू शकते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण त्याची परंपरा मोठी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो दरबारी कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. दिनांक, महापौर यांसारखे त्यांनी पुढे आणलेले शब्द आज कोणाला नवे वाटतही नाहीत. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कारभाराच्या परिभाषेचे कोश एकामागून एक निघाले. या सर्व प्रयत्नांमागे एक रास्त भीती होती. राज्यकारभार, कायदा आणि शास्त्र यांसाठी ज्या भाषेला स्वतःचे शब्द नसतात, ती हळूहळू घरापुरती उरते. ही भीती खरी आहे आणि या कामाचे ऋण मोठे आहे. माझा आक्षेप आहे तो या विचाराबरोबर नकळत रुजलेल्या गृहीतकावर. भाषा म्हणजे जणू धान्याची रास; खडे वेचून टाकले की रास स्वच्छ झाली, असे ते गृहीतक आहे.

दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहू. पहिले: ‘रांगेत उभे राहून तिकीट काढले, तेवढ्यात गाडी फलाटाला लागली.’ दुसरे: ‘या विजयात त्याने महत्त्वाची भूमिका खेळली.’ पहिल्या वाक्यातले तिकीट इंग्रजी आहे आणि फलाट हे इंग्रजी शब्दाचेच मराठी तोंडात घडलेले रूप आहे. दुसऱ्या वाक्यात इंग्रजी शब्द एकही नाही. तरी पहिले वाक्य कोणाला खटकत नाही आणि दुसरे कानाला टोचते. मराठीत भूमिका वठवतात किंवा बजावतात. भूमिका घेतात, मांडतात, बदलतात. भूमिका खेळणे ही इंग्रजीतली जोडणी आहे, मराठी शब्द पांघरून आलेली.

तिकिटाला मात्र मराठीने आपले ‘काढणे’ दिले. आपण कर्ज काढतो, पास काढतो, रजा काढतो, बँकेत खाते काढतो, फोटो काढतो. यांतल्या बहुतेकांमागे एकच भाव आहे: जे दुसऱ्याच्या ताब्यात आहे ते खटपट करून आपल्यासाठी बाहेर आणणे. ‘तिकीट विकत घेतले’ म्हटले तर व्यवहार कळतो. ‘तिकीट काढले’ म्हटले की खिडकी, रांग आणि खटपट यांसकट तो कळतो. ‘लागणे’ही असेच. गाडी फलाटाला लागते, दवाखान्यात नंबर लागतो, लॉटरी लागते, सिनेमा लागतो, नोकरी लागते. नाम कुठून आले याची विचारपूस न करता मराठीने त्याला आपले क्रियापद दिले आणि ते नाम आपले करून टाकले.

असे का होते? नामाला पुरा अर्थ असतो आणि क्रियापद त्याला केवळ जोड देते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळदा नाम अर्धेच बोलते आणि उरलेले क्रियापद सांगते. ‘नाव’ हा एकच शब्द घ्या. बारशाला बाळाचे नाव ठेवतात; तेच अनेकवचनात गेले की लोक नावे ठेवतात. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. मुलाचे शाळेत नाव घालतात. लग्नानंतर कोणाचे नाव लावायचे हे बाई ठरवते. गुणी मुलगी आईबापांचे नाव काढते, दिवटा मुलगा घराण्याचे नाव घालवतो, आणि फार दुखावलेला माणूस एखाद्याचे नावच टाकतो. ‘पुन्हा त्याचे नाव काढू नकोस’ असे कोणी बजावले की मघाचे गौरवाचे ‘नाव काढणे’ मनाईच्या सुरात येते, आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही. नामकरण, निंदा, प्रवेश, कीर्ती, बदनामी, संबंधविच्छेद हे सगळे एका नामाच्या आसऱ्याने क्रियापदांनी सांगितले. ‘नाव’चा कोशातला अर्थ पाठ आहे पण या जोड्या ठाऊक नाहीत, अशा माणसाला मराठी येते असे म्हणता येणार नाही.

जोडी चुकली तर केवळ शैली बिघडते, असाही एक समज आहे. तोही टिकत नाही. आपण मुलाची काळजी घेतो आणि मुलाची काळजी करतो. पहिल्यात औषध, जेवण, पांघरूण आहे. दुसऱ्यात रात्रभर डोळ्याला डोळा न लागणे आहे. नाम तेच, मनुष्याची अवस्था वेगळी. परीक्षेचे उदाहरण याहून स्पष्ट. विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक परीक्षा घेतो. इंग्रजीत मात्र विद्यार्थीच ती ‘घेतो’. त्या वळणावर विचार करणारा कोणी ‘माझ्या मुलीने गेल्या वर्षी बारावीची परीक्षा घेतली’ असे लिहितो तेव्हा त्याने शुद्ध मराठी शब्दांत मुलीला परीक्षक करून ठेवलेले असते. इथे परका शब्द शोधायला बसणाऱ्याच्या हाती काहीही लागणार नाही, आणि चूक तर अर्थाची झालेली आहे.

या जोड्या निव्वळ सवयीने पडल्या, त्यांत तर्क नाही, असेही ऐकू येते. शेतात जाऊन हा आक्षेप तपासावा. पीक हाती येण्याच्या कामाला शहरी कागदावर ‘काढणी’ हा एकच शब्द पुरतो. शेतकरी मात्र ऊस तोडतो, भात कापतो, भुईमूग उपटतो, कापूस वेचतो, बाजरीची कणसे खुडतो, आंबे उतरवतो. प्रत्येक क्रियापदात हाताची हालचाल आहे, हत्यार आहे किंवा हत्यार नसणे आहे. ऊसतोड म्हटले की कोयता आला. वेचणी म्हटले की बोटे आली आणि वाकलेली पाठ आली. उतरवणे म्हटले की आंबा उंचावर आहे आणि तो खाली आपटू द्यायचा नाही, हेही आले. अंगणातल्या फुलांतही हाच विवेक आहे: मोगऱ्याच्या कळ्या खुडतात, पारिजातकाची फुले वेचतात, कारण पारिजातक आपली फुले स्वतःच जमिनीवर सोडतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामाचे ज्ञान या जोड्यांत साठले आहे. ‘सर्व पिकांची काढणी करण्यात आली’ या वाक्यातून ते नाहीसे होते, आणि तिथे परका शब्द मात्र एकही नसतो.

कपड्यांकडे पाहा. साडी आणि धोतर नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, काजळ घालतात, कुंकू लावतात. न शिवलेले वस्त्र कमरेभोवती गुंडाळून, खोचून अंगावर घेणे म्हणजे नेसणे. शिवलेल्या कपड्यात अंग सरकवणे म्हणजे घालणे. वरून ओढून घेणे म्हणजे पांघरणे. हे वर्गीकरण कोणत्याही व्याकरणाच्या वर्गात शिकवले जात नाही, तरी चारपाच वर्षांचे मराठी मूल ते पाळते. घरदार सोडून पळावे लागलेल्या माणसांबद्दल आपण म्हणतो की ती नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. त्या एका ‘नेसत्या’मध्ये किती घाई आणि किती निराधारपण आहे! ‘घातलेल्या कपड्यांसह’ म्हटल्याने ते येत नाही.

विशेषणांची जोडी याहून नाजूक. काळा रंग एकच, पण केस काळेभोर असतात आणि अंधार काळाकुट्ट. धोतर पांढरेशुभ्र, भीतीने चेहरा मात्र पांढराफटक पडतो. ओठ लालचुटूक, रागाने चेहरा लालबुंद, आणि वाळत घातलेल्या मिरच्या लालभडक. येथे दुसरे पद रंगाची मात्रा सांगते, तशीच बोलणाऱ्याची वृत्तीही: कौतुक, भय, दाह. यश घवघवीत मिळते, विजय दणदणीत होतो किंवा निसटता होतो, पराभव दारुण असतो, मते भरघोस पडतात. क्रियाविशेषणांतही तसेच: विरोध कडाडून होतो, मिठी कडकडून मारतात. कडाडून शब्दात विजेचा आवाज आहे; कडकडून शब्दात आवळलेली हाडे आहेत. एका अक्षराच्या फेराने क्रोध आणि माया वेगळी झाली. आता या सगळ्यांच्या जागी ‘प्रचंड’ एकटे राबताना दिसते: प्रचंड यश, प्रचंड थंडी, प्रचंड आनंद, प्रचंड आवडले. ‘प्रचंड’ तत्सम आहे, निष्कलंक आहे. शुद्धतेच्या कसोटीला ते उतरते, आणि गाढ झोप, कडाक्याची थंडी, रणरणते ऊन, मिट्ट काळोख यांना ते सावकाश बाहेर ढकलत राहते.

इथवर नामकेंद्री विचार अपुरा आहे हे दाखवले. त्याने कधी कधी अपायही केला आहे, हे आता सांगितले पाहिजे. कोणत्याही स्थानिक कार्यक्रमाचे वृत्त उघडावे. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. प्रतिमेला पुष्पहार अर्पण करण्यात आला. परिसरात वृक्षारोपण करण्यात आले. शेवटी आभारप्रदर्शन करण्यात आले. शब्द सगळे शुद्ध. पण मराठीत दिवा लावतात, हार घालतात, झाडे लावतात, आभार मानतात. लावणे, घालणे, मानणे ही जिवंत क्रियापदे त्या भारदस्त नामांच्या पोटात गिळली गेली आणि बाहेर उरले ते एकटे ‘करण्यात आले’. भारदस्त नामाला ‘करणे’ याखेरीज दुसरी सोबत सहसा मानवत नाही. म्हणून नाम जितके घडीव, तितके क्रियापद निस्तेज. शिवाय ‘करण्यात आले’ म्हटले की कोणी केले हे सांगायची गरज उरत नाही. दिवा लावणारा माणूसच वाक्यातून निघून जातो.

दूरध्वनीचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. फोन आपण लावतो. तो लागतो किंवा लागत नाही. समोरचा उचलतो, घेतो, ठेवतो, कापतो. फोन येतो, वाजतो, बंद पडतो. दूरध्वनी हा शब्द सुरेख बांधलेला आहे. सरकारी पत्रात ‘दूरध्वनी क्रमांक’ म्हणून तो नीट बसला, पण ‘कधीचा दूरध्वनी लावतोय, लागतच नाही’ असे कोणाच्या तोंडी आले नाही. माझे अनुमान असे की नव्या नामाबरोबर क्रियापदांचा गोतावळा कोणी दिला नाही, आणि परक्या नामाभोवती तो आधीच जमला होता. अर्ज, तक्रार, हिशेब, जमा, खर्च हे शब्द राज्यव्यवहारकोशानंतरही मराठीत राहिले, त्यांचेही कारण मला हेच दिसते. तोवर अर्ज करणे, हिशेब मांडणे, हिशेब चुकता करणे, खर्ची पडणे या जोड्या लोकांच्या रोजच्या व्यवहारात मुरल्या होत्या.

याच नियमाची उजळ बाजू क्रिकेटच्या मराठीत दिसते. षटकार, यष्टी, पायचीत, धावचीत, त्रिफळा या शब्दांत संस्कृताचे वळण भरपूर आहे. तरी ते रुजले, कारण वृत्तपत्रांतल्या क्रीडालेखकांनी आणि आकाशवाणीवरच्या समालोचकांनी त्यांना मैदानातली क्रियापदे दिली. या कामात बाळ ज. पंडित यांचा वाटा मोठा. त्रिफळा उडाला, झेल टिपला, झेल सुटला, षटकार खेचला, धावा काढल्या, डाव गडगडला, डाव सावरला. ‘त्रिफळा उडाला’ ऐकताना आयुर्वेदातले चूर्ण कोणाला आठवत नाही; डोळ्यांसमोर उडालेल्या यष्ट्या येतात. चित्रपट हा शब्दही असाच तरला. नाटकाची क्रियापदे त्याला वारशाने मिळाली: चित्रपट लागतो, चालतो, रंगतो, पडतो. परिभाषा करू नये असा माझा पक्ष नाही. नाम एकटे पाठवू नये, एवढेच म्हणणे आहे.

आज मराठीवर खरे आक्रमण होते आहे ते जोड्यांच्या वाटेने, आणि आपला पहारा दुसऱ्याच दारावर आहे. ‘आई जेवण बनवते’ हे वाक्य आता मराठी घरांत ऐकू येते. हिंदीतले बनवणे स्वयंपाकघरात आले आणि त्याने किती क्रियापदांची जागा घेतली पाहा. मराठीत स्वयंपाक करतात. पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, चहा टाकतात, लोणचे घालतात, विरजण लावतात, कुकर लावतात. कुकर परका, पण त्याला ‘लावणे’ मिळाले आहे, म्हणून तो घरचा. धावा काढल्या जात होत्या, त्या आता ‘बनवल्या’ जातात. ‘मला मदत कर’ या वाक्यातल्या चतुर्थीची जागा हिंदीच्या वळणाने ‘माझी मदत कर’ मधली षष्ठी घेऊ लागली आहे.

खुलाशाची कथा तर अधिक गंभीर. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. तो मागवतात, सादर करतात. तो समाधानकारक असतो किंवा असमाधानकारक. नोटीस आलेला कर्मचारी विहित मुदतीत खुलासा सादर करतो. वृत्तवाहिन्यांच्या हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. आता मराठी बातमीतही ‘धक्कादायक खुलासा’ येऊ लागला आहे. नाम जुनेच, विशेषण बदलले, आणि शब्दाचा अर्थ उलटा झाला: जे सांगून शंका मिटायची, तेच आता खळबळ उडवते. कारभाराचा एक नेमका शब्द अशा रीतीने निकामी होतो, आणि शुद्धीच्या यादीत हा अपघात नोंदवायला रकानाच नाही.

आपल्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. मीमांसक आणि नैयायिक यांनी वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी, म्हणजे शब्दांची एकमेकांविषयीची अपेक्षा, अर्थांचा मेळ आणि जवळीक, या अटी सांगितल्या. आगीने शिंपणे हे त्यांचे योग्यता नसल्याचे ठरलेले उदाहरण. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याची जी स्थाने मोजली, त्यांत क्रियापद आणि विशेषण यांना स्वतंत्र जागा दिली. वक्रोक्तीला काव्याचे मर्म मानणाऱ्या कुंतकाने विशेषणाच्या आणि क्रियेच्या वक्रतेचा वेगवेगळा विचार केला. म्हणजे जी परंपरा शुद्धीसाठी पुढे केली जाते, तिनेच शब्दांच्या सोबतीला काव्याच्या मर्मस्थानी बसवले आहे. विसाव्या शतकात, काही वर्षे लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेल्या जे. आर. फर्थ यांनी शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीवरून कळतो हा विचार भाषाविज्ञानात आणला, तेव्हा तो आपल्याला अगदीच अपरिचित नव्हता.

कोशकारांनीही हे ओळखले होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात असंख्य नामांपुढे एक छोटी खूण करून त्या नामाला लागणारी क्रियापदे दिली आहेत: कर, घाल, मार, दे, लाव. परभाषेतून आलेल्या माणसाला प्रथम अडते ते याच ठिकाणी, म्हणून त्याने आणि त्याच्या हाताखालच्या मराठी पंडितांनी हे कष्ट घेतले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तही कंसात क्रियापदे सापडतात, आणि त्यांनी वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोशही केला. पण वाक्संप्रदाय म्हणजे लाक्षणिक अर्थाचे प्रयोग. ‘नाक घासणे’ तिथे सापडेल. ‘खटला भरणे’, ‘विमा उतरवणे’, ‘दाट धुके’ यांसारख्या साध्या जोड्या व्याकरण आणि वाक्संप्रदाय यांच्यामध्ये बेवारस राहिल्या. शाळेत मूल समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करते आणि त्यातून उलटा धडा घेते: एका शब्दाच्या जागी दुसरा कुठेही चालतो. नारळ फोडणे आणि नारळ वाढवणे यांतला भेद अशा यादीत कसा दिसणार? एकात चटणीसाठी खोबरे हवे आहे, दुसऱ्यात शुभकार्य आहे.

आता माझ्या मतावरचे आक्षेप. पहिला आक्षेप बदलाचा. भाषा बदलते, आजची खटकणारी जोडी उद्या रूढ होते. हे खरे आहे. हवा खाणे हा प्रयोग फारशीच्या वळणाचा मानला जातो. प्रकाश टाकणे आणि धावते समालोचन ही सरळ इंग्रजीची छाया. आज तिन्ही आपले आहेत. म्हणून प्रत्येक नवी जोडी त्याज्य, असे मी म्हणत नाही. कसोटी एकच असावी: नव्या जोडीने भाषेत भेद वाढला की मिटला? धावत्या समालोचनाने नव्या वस्तूला नाव दिले, जुने काही हिरावले नाही. बनवणे आले ते लाटणे, थापणे, वळणे पुसत आले. बाजारात आता शिवलेली तयार नऊवारी मिळते आणि तिच्याबद्दल बायका ‘घातली’ म्हणतात. ते अगदी बरोबर आहे, कारण ती नेसावी लागतच नाही. वस्तू बदलली म्हणून क्रियापद बदलले. भेद शाबूत राहिला. पाचवारी साडीलाही ‘घातली’ म्हणणे मात्र भेद पुसणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: कोणाची जोडी प्रमाण मानायची? हा आग्रह म्हणजे एका शहराची, एका वर्गाची बोली सर्वांवर लादणे ठरणार नाही का? लादली तर ठरेल, आणि ते अन्याय्य होईल. पण माझा युक्तिवाद नेमका उलट दिशेला जातो. जोड्यांची खरी श्रीमंती बोलींत आहे. वऱ्हाडात पावसाला पाणी म्हणतात आणि पाणी ‘येऊन राहते’. पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी रात्री ‘दारे धरायला’ जातो, म्हणजे पाटाचे पाणी एकेका सरीत वळवायला. दार फक्त उघडायला आणि लावायला असते असे समजणाऱ्या शहरी माणसाला ही जोडी शिकावी लागेल. चहा कुठे टाकतात, कुठे ठेवतात, कुठे मांडतात. हे सारे मराठी आहे. यांतली प्रत्येक जोडी त्या त्या ठिकाणच्या जगण्यातून आली आहे. भाषांतराच्या घाईत जन्मलेली आणि कोणत्याही गावची नसलेली जोडी वेगळी. प्रमाणाच्या नावाखाली बोलींना गप्प करणारा आणि अनुवादाच्या नावाखाली क्रियापदे सपाट करणारा, दोघेही भाषेचे सारखेच नुकसान करतात.

तिसरा आक्षेप सोयीचा: अर्थ पोहोचला की झाले. ‘साडी घातली’ कळत नाही का? कळते. पण केवळ कळणे हेच भाषेचे प्रयोजन असते तर खुणाही पुरल्या असत्या. शिवाय काळजी, परीक्षा आणि खुलासा यांच्या उदाहरणांत अर्थही पोहोचला नाही, किंवा उलटा पोहोचला. न्यायालयाच्या निकालात, औषधाच्या सूचनेत, पीकविम्याच्या अर्जात अशी चूक झाली तर तिची किंमत सामान्य माणूस मोजतो.

मग करायचे काय? परिभाषा करणाऱ्या समितीने नवे नाम मंजूर करण्यापूर्वी त्याला पाच साध्या वाक्यांत घालून पाहावे; ‘करणे’ सोडून एकही क्रियापद त्याच्याशी जुळत नसेल तर ते नाम अजून कच्चे आहे. कोशमंडळांनी मोल्सवर्थची पद्धत पुन्हा हाती घ्यावी आणि प्रत्येक नामापुढे आजची क्रियापदे आणि विशेषणे प्रांतवार नोंदवावीत. हे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांतल्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावापासून सुरू करून घेता येईल, आणि शेती, विणकाम, मासेमारी, सुतारकाम यांच्या जोड्या त्या त्या कामातली माणसे हयात आहेत तोवर टिपून घेतल्या पाहिजेत. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीऐवजी ‘लक्ष’, ‘हात’, ‘नाव’ यांची क्रियापदे मुलांकडून गोळा करून घ्यावीत. मुले ती घरून, आजीकडून आणतील आणि भाषा काय चीज आहे हे त्यांना पाठांतराविना कळेल. वृत्तपत्रांनी आणि अनुवादकांनी हातातले वाक्य छापण्यापूर्वी एवढेच विचारावे: हे नाम घरी, शेतात, बाजारात कोणत्या क्रियापदाबरोबर येते?

परक्या नामांची धास्ती घेण्याचे कारण नाही. तिकीट, फोन, कुकर, अर्ज आणि हिशेब पचवून मराठी उभी आहे, कारण काढणे, लावणे, घालणे, टाकणे, मांडणे, उतरवणे ही तिची क्रियापदे धट्टीकट्टी होती. तीच दुबळी झाली तर शब्दांची सगळी दालने शुद्ध नामांनी भरूनही त्या नामांतून मराठी वाक्य उभे राहणार नाही. म्हणून भाषाशुद्धीचा पहिला पहारा क्रियापदांवर आणि विशेषणांवर बसला पाहिजे. नामांचा विचार त्यानंतर.